खुर्ची आमची, नाटक तुमचं

हौशी मंडळाने यंदा कोणतं नाटक करायचं ते दिग्दर्शक ठरवतो, असा बाहेरच्यांचा समज असतो. दिग्दर्शकाचाही असतो. प्रत्यक्षात ते ठरतं गावात कोणाच्या घरी काय आहे त्यावरून. आमच्या वसईत दिवाळीला कोणी नवा सोफासेट घेतला की त्या वर्षी कौटुंबिक नाटक होणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पुढच्या वर्षी ऐतिहासिक. कारण तोवर सोफ्याच्या मालकाने मंडळाशी बोलणं टाकलेलं असतं आणि पेशवाईत सोफा लागत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तलवारी मोडलेल्या असतात, गदा मात्र शाबूत असतात, तेव्हा पौराणिक. हे चक्र पुरं होईपर्यंत गावात आणखी कोणाचं तरी लग्न ठरतं आणि नवा सोफा येतो.

हा सगळा हिशेब ज्याच्या डोक्यात असतो तो प्रॉपर्टीवाला, म्हणजे नाटकाचं सामान जमवणारा. व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्यकाराचं नाव झोकात छापतात. मोहन वाघांच्या नेपथ्याला तर पडदा उघडताच टाळी पडायची, नट अजून विंगेत घाम पुसत असायचे. आमच्या प्रॉपर्टीवाल्याचं नाव शेवटच्या आभारात येतं, तेही ‘आणि ज्ञात-अज्ञात हितचिंतक’ यातल्या अज्ञात भागात. पूर्वी कधीतरी त्याने भालदाराचं काम केलेलं असतं. एकच वाक्य होतं, ते तो विसरला, आणि तेव्हापासून तो पडद्यामागे आहे. वाडीतल्या कुठल्या घरात पितळी घंगाळ आहे, कोणाच्या माळ्यावर जुना रेडिओ आहे, कोणाच्या आजोबांची चांदीच्या मुठीची काठी अजून कपाटामागे उभी आहे, हे त्याला त्या घरातल्या सुनांपेक्षा जास्त माहीत असतं. तोंडात चार खिळे धरूनच तो बोलतो. त्यामुळे त्याची मतं कोणाला नीट ऐकू येत नाहीत, पण ती ठाम असतात.

त्याच्या मते नाटकाची थोरवी सामानाच्या व्यस्त प्रमाणात असते. या हिशेबाने मराठीतलं सर्वांत थोर नाटक म्हणजे ‘घाशीराम कोतवाल’. 1972 साली जब्बार पटेलांनी त्यात माणसांची रांगच भिंत म्हणून उभी केली. ती भिंत आपल्या पायांनी येते, गाते, नाचते आणि प्रयोग संपला की आपल्या पैशाने घरी जाते. टेम्पो नाही, सुतळी नाही, दुसऱ्या दिवशी दारोदार परत करायला जाणं नाही. दुसरा नंबर तळकोकणातल्या दशावताराचा. तिथे एक लाकडी बाकडं असलं की झालं. राजा बसला की ते सिंहासन, देव चढला की पर्वत, आणि नट दमला की बाकडं. याउलट ‘तो मी नव्हेच’चं नाव काढलं की तो खिळे थुंकतो. त्या नाटकात 1962 साली फिरता रंगमंच आणला, त्याचं महाराष्ट्राला केवढं अप्रूप वाटलं. पण आमचा रंगमंच पिंपांवर फळ्या टाकून उभा राहतो. त्यावर आरोपी लखोबा लोखंडे नुसता चालत आला तरी सगळं कोर्ट फिरतं, मग वेगळं यंत्र कशाला, असं त्याचं म्हणणं.

बालगंधर्वांविषयी मात्र तो हात जोडून बोलतो. गंधर्व नाटक मंडळीत शालू खरे, गालिचे खरे, अत्तर खरं. कंपनीला झालेलं कर्जही खरंच. यातून त्याने आपल्यापुरता नियम काढला आहे: स्टेजवर काहीही खरं आणायचं नाही, आणलंच तर दुसऱ्याचं आणायचं.

खरं तर प्रॉपर्टीवाल्यांनी 5 नोव्हेंबरला स्वतःचा सत्कार करून घ्यायला हवा. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीला जे पहिलं नाटक केलं ते ‘सीतास्वयंवर’. म्हणजे मराठी नाटकाच्या पायाशीच एक प्रॉपर्टी आहे, आणि तीही केवढी अवघड! रावणाच्या हातून हलता कामा नये आणि रामाच्या हातून मोडलं पाहिजे असं धनुष्य. लेखक, गायक, आश्रयदाते राजेसाहेब सगळ्यांची नावं आपण घेतो. ते धनुष्य ज्याने तयार केलं असेल त्याच्या छातीत त्या रात्री किती धडधडलं असेल, याची चौकशी कोणी करत नाही.

आमच्या मंडळाकडे रंगवलेले तीन पडदे होते: महाल, रस्ता आणि जंगल. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी एके काळी नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले, ते गाजले, आणि बाबूराव पुढे सिनेमाकडे वळले. आमचे पडदे रंगवणारा माणूस दुकानांच्या पाट्या करायचा आणि पुढेही त्याच करत राहिला. महालाच्या खांबाखाली त्याने स्वतःची सही केली. तिथे न थांबता ‘येथे गाड्यांच्या नंबरप्लेट करून मिळतील’ हेही लिहिलं. हस्तिनापुरात द्यूत चाललेलं असताना पुढच्या रांगेतले रिक्षावाले तो मजकूर वाचत बसायचे.

जंगलाची गोष्ट याहून बिकट. त्या पेंटरने जंगल कधी पाहिलं नव्हतं, वाडी पाहिली होती. त्यामुळे आमच्या दंडकारण्यात केळीची बाग आहे, पानवेल आहे, मागे मडकी बांधलेले ताड आहेत आणि डाव्या कोपऱ्यात विहीर, तिच्यावर रहाट. राम, पांडव, नळराजा सगळ्यांनी आपापला वनवास याच वाडीत काढला. दमयंती भुकेने व्याकूळ होऊन रडत होती आणि तिच्या डोक्यावर भरघोस घड लोंबत होते, तेव्हा एक आजी न राहवून बसल्या जागेवरून ओरडली, ‘‘अगं पोरी, मागं बघ की जरा!’’ दमयंतीने मागे पाहिलं. पुढचा विलाप जमला नाही.

मुकुट, चिलखतं, सिंहासन ही ड्रेपरी मुंबईहून भाड्याने यायची. टेम्पो परवडत नसे, म्हणून एका वर्षी सिंहासन विरार लोकलच्या मालडब्यातून आणलं. विरार गाडीत टेकायला जागा मिळणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कळेल की त्या डब्यात सिंहासन रिकामं राहणं शक्यच नव्हतं. दादरला रिकाम्या टोपल्या घेऊन एक कोळीण मावशी चढल्या आणि सरळ जाऊन त्यावर बसल्या.

‘‘मावशी, उठा. सिंहासन आहे ते.’’

‘‘मंग? बसायलाच बनवलंय ना?’’

‘‘महाराजांचं आहे.’’

‘‘कुठं हाय तुझा महाराज?’’

महाराज शेजारच्या डब्यात दाराच्या दांडीला लोंबकळत होते.

‘‘येऊ दे त्याला, मंग उठते,’’ मावशींनी निकाल दिला. बोरिवलीला दोघींनी बंड करून पाहिलं. मीरा रोडला एकीने तह करून डाव्या हातावर टेकण्यापुरती जागीर मिळवली. भाईंदरची खाडी ओलांडली तरी राज्य स्थिर होतं. नायगाव आलं तेव्हा मावशींनी आपण होऊन गादी सोडली आणि उतरता उतरता ‘‘बरंय, पण पाठीला टोचतं’’ असा अभिप्राय दिला. रात्री साताऱ्याच्या दरबाराचा प्रवेश सुरू झाला. महाराजांचं काम करणाऱ्याच्या चेहऱ्यावर राज्याची चिंता दिसत नाही म्हणून दिग्दर्शक तालमीत डोकं फोडून घ्यायचा. त्या रात्री ती चिंता सिंहासनावर बसताक्षणी उमटली आणि प्रवेश संपेपर्यंत गेली नाही. सिंहासनाला सुक्या बोंबलांचा वास होता.

आता किल्ल्याचं सांगतो. वसईची मोहीम 1737 ते 1739. चिमाजी अप्पांनी वेढा घातला, सुरुंग लावून तट फोडला आणि 1739 च्या मे महिन्यात पोर्तुगिजांचं ठाणं पडलं. इतकं आयतं नाटक ज्या गावाच्या पदरात पडलंय, त्याने ते केलं नाही तरच नवल. मंडळातल्याच एकाने ते लिहिलं. अडचण फक्त किल्ल्याची होती. आता वसईत किल्ल्याची अडचण म्हणजे काय, असं कोणीही विचारेल. खरा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे. हिंदी सिनेमावाले तिथे येऊन गेले. कोल्डप्ले नावाची विलायती मंडळी आली, ‘हिम फॉर द वीकेंड’ या त्यांच्या 2016 च्या गाण्यात आमचा किल्ला सगळ्या जगाने पाहिला. रविवारी तर प्रत्येक बुरुजावर एक नियोजित वर आपल्या नियोजित वधूला उचलून फोटोग्राफरची वाट बघत असतो. हे सगळं पाहून आमचा दिग्दर्शकही वहीपेन्सिल घेऊन किल्ल्यात फेरी मारून आला आणि म्हणाला, ‘‘नाही चालणार. किल्ल्यासारखा वाटत नाही.’’

त्याचं अगदीच चूक नव्हतं. आत चर्चच्या छपरं गेलेल्या उंच भिंती, झाडांची मुळं दगडांत शिरलेली. चित्रातल्या किल्ल्याला असतात तसे ठसठशीत कंगोरे हवेत, नाहीतर प्रेक्षक मानणार नाहीत, हे त्याचं मत पडलं. म्हणून खऱ्या किल्ल्याकडे पाठ करून थर्माकोलचा किल्ला बांधला. तोफेसाठी ड्रेनेजचा पाइप घेतला. वसई-विरारात पाइपाला कधी तोटा नसतो; दर वळणावर एक इमारत अर्धी झालेली असते. पाइपाला काळा रंग दिला, पण त्यावरचा आयएसआयचा शिक्का दोन हात दिल्यावरही वर येत राहिला. पोर्तुगिजांची तोफ भारतीय मानकांना उतरलेली होती.

डिसेंबरची रात्र, उघडं मैदान, आणि नेमका वारा सुटला. पहिल्याच अंकात सेंट सेबॅस्टियनचा बुरूज डुलायला लागला. इतिहासात तो पडायला 1739 चा मे उजाडावा लागला, इथे 1737 सालीच पडत होता. शेवटी चार पोर्तुगीज शिपाई तटाला पाठ लावून उभे राहिले ते शेवटच्या अंकापर्यंत हलले नाहीत. तिकडे मराठे मसलती करत होते, खलिते लिहीत होते. दुसऱ्या अंकात अप्पांना एक लांबलचक स्वगत होतं, त्यात त्यांना बंधूंची, मातोश्रींची आणि पुण्याची ओळीने आठवण यायची. तटातून हलक्या आवाजात विनंती येत होती, ‘‘आटपा रे लवकर, हात भरून आलेत.’’ अखेर सुरुंगाचा लवंगी फटाका वाजला, हर हर महादेव झालं आणि किल्ला पडला. सगळ्यात जास्त आनंद पोर्तुगिजांना झाला.

तो किल्ला पुढे बरीच वर्षं लढला. 2018 साली राज्य सरकारने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली आणि जे खऱ्या किल्ल्याचं सुरुंगांनी केलं ते आमच्या किल्ल्याचं एका अधिसूचनेने केलं. हल्ली प्लायवूडचा असतो. नायगावला हिंदी मालिकांचे सेट आहेत. एखादी मालिका आटोपली की तिथला वाडा भंगारात निघतो आणि आमचा प्रॉपर्टीवाला तिथे आधीच उभा असतो. परवाच्या प्रयोगात फिरंग्यांच्या दरवाज्याला राजस्थानी महिरप होती आणि तिच्यावर दोन मोर. पाहुण्यांनी भाषणात ‘बारकाईने केलेल्या अभ्यासाचं’ कौतुक केलं.

किल्ला घेतल्यावर मराठ्यांनी वसईच्या चर्चमधल्या घंटा नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीला त्या आजही पाहायला मिळतात. नेलेलं सामान परत न करण्याची परंपरा मंडळांनी सुरू केली असा जो आरोप होतो, त्याला हे माझं उत्तर आहे.

आरोप करणारी माणसं अर्थात प्रेक्षकांतच बसलेली असतात, आणि गावच्या नाटकाची सगळी गंमत तिथे आहे. चांगलं नाटक बघायला आम्ही बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहातही जातो. तिथे नायक दारू पिऊन सोफ्यावर कोसळला की आपण त्याच्या उद्ध्वस्त आयुष्याचा विचार करतो. गावात तोच नायक कोसळतो तेव्हा तिसऱ्या रांगेतून कळवळून ‘‘आई गं!’’ येतं आणि दिग्दर्शक विंगेत डोळे मिटून कृतार्थ होतो. ती हाक सोफ्याच्या स्प्रिंगसाठी होती हे त्याला कोणी सांगत नाही. सांगूही नये. त्या बाईने तीन तासांत क्षणभरही नजर हलवलेली नसते. नायिका कोण, तिचं दुःख काय, तिला पत्ता नाही. पण खलनायक चहाचा कप घेऊन आत आला की तिचा श्वास अडकतो. इतका एकाग्र प्रेक्षक आयएनटीच्या एकांकिका स्पर्धेलाही मिळायचा नाही. भिंतीवरचं घड्याळ ज्याचं असतं तो ते बंद करू देत नाही. घरचं घड्याळ थांबवणं अशुभ. मग नाटकातली पहाट रात्री साडेदहाला होते, आणि सून ‘‘इतक्या सकाळी कोण आलं?’’ म्हणत दार उघडते तेव्हा अख्खं मैदान वर बघतं.

सगळ्यांत कठीण वस्तू म्हणजे हार घातलेला फोटो. कौटुंबिक नाटकाला तो लागतोच. घरातला कर्ता गेल्याशिवाय मराठी नाटकात वाटण्या सुरू होत नाहीत. पण तो देणार कोण? जिवंत माणसाचा दिला तर अपशकुन. गेलेल्याचा मागावा तर ‘‘आमच्या आबांच्या समोर तुमचा तो मुलगा सिगारेट ओढणार?’’ शेवटी प्रॉपर्टीवाल्याने एका फोटो स्टुडिओच्या काचेत लावलेला नमुन्याचा फोटो मागून आणला. भरदार मिशा, कोट, करारी नजर. असला माणूस आपल्याकडचा नसणारच, या भरवशावर त्याला हार घातला आणि खाली ‘कै.’ची पट्टी लावली.

तो गृहस्थ शेजारच्या गावचा निघाला. प्रयोगाला सहकुटुंब दुसऱ्या रांगेत बसला होता.

पडदा उघडला तशी ती अख्खी रांग एकदा भिंतीकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघायला लागली. प्रॉपर्टीवाला मागच्या वाटेने सटकायच्या बेतात होता. पण गृहस्थ उठले नाहीत. स्टेजवर थोरली सून त्या फोटोपुढे रोज उदबत्ती लावत होती. मधला ‘‘बाबा, तुमची किंमत आम्हाला कळली नाही हो’’ म्हणून भिंतीवर डोकं आपटत होता आणि त्या धक्क्याने बाबाही मान हलवत होते. धाकटा तर अमेरिकेतून परत आला. गृहस्थांनी रुमाल काढला तो शेवटपर्यंत खिशात ठेवला नाही. नाटक संपल्यावर ते आत आले आणि प्रॉपर्टीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘‘फोटो राहू दे तुमच्याकडे. घरी एवढं कोणी बोलत नाही.’’ पुढे दर वर्षी त्यांची वर्गणी न मागता यायची.

आता एलईडीचा पडदा भाड्याने मिळतो. बटण दाबलं की शनिवारवाडा, बटण दाबलं की हिमालय. वाऱ्याने बुरूज हलत नाही, त्यामुळे पोर्तुगीज मोकळे झालेत आणि विंगेत मोबाइल बघत बसतात. दंडकारण्यात आता खरं, कुठल्या तरी परदेशातलं दाट जंगल दिसतं आणि दमयंतीला मागे बघायचं कारण उरलेलं नाही. दिसायला सगळं सुरेख आहे, हे कबूल करायला हवं. गर्दी मात्र पातळ झाली. त्याचं खापर मी पडद्यावर फोडत नाही. घरोघरी मालिका आहेत, हातोहाती मोबाइल आहेत. पण जिच्या घरचा साधा पाटा-वरवंटा स्टेजवर नाही, ती बाई डिसेंबरच्या गारठ्यात शाल गुंडाळून मध्यरात्रीपर्यंत बसेल कशाला?

तेव्हा यंदा मंडळाची पोरं दारात आली आणि ‘‘काकू, ती कोपऱ्यातली खुर्ची दोन दिवसांसाठी...’’ म्हणाली, तर नाही म्हणू नका. खुर्ची द्या, जुना रेडिओ द्या, आजोबांची काठीही द्या. खुर्चीच्या बुडाला ऑइलपेंटने नाव घाला आणि प्रयोगाला तिच्यासमोरच जागा धरा. समई मात्र देऊ नका. समई आजवर कोणाची परत आलेली नाही.